सगळ्या गावाचा एकच पासवर्ड

निजामोद्दीन मूळचा औशाचा. तहसील कचेरीसमोर लिंबाखाली टाइपरायटर मांडून बसायचा. भूकंप झाला आणि पंचनाम्यांचं एवढं काम निघालं, की सरकारनं दिसेल तो टायपिस्ट जीपमध्ये घातला आणि किल्लारीकडं आणून सोडला. त्यात हाही आला. पत्र्याच्या शेडमध्ये बसून कुणाचं घर गेलं, कुणाची जनावरं गेली, कुणाची माणसं गेली, हे त्यानं महिनोन् महिने टाइप केलं. काम संपलं, साहेब गेले, जीपा गेल्या, हा मात्र राहिला. का राहिलास म्हणून विचारलं तर सांगायचा, "अख्खं गाव माझ्या बोटांखालून गेलं. आता औशाला जाऊन कुणाचे अर्ज टाइप करू?" त्याची बायको रहमतबी आतून ओरडायची, "परत न्यायला जीप आलीच न्हाई, म्हणून राहिला. बाकी समदं झूट!"

नवं गाव वसलं. सरळ गल्ल्या, एकसारखी घरं, पाहुणा आला की हमखास दुसऱ्याच्या घरात शिरणार आणि चहा पिऊनच बाहेर पडणार. त्या गावात निजामोद्दीननं एक गाळा घेतला. टाइपरायटर माळ्यावर गेला, त्या जागी दोन कॉम्प्युटर आले. तेवढ्यात तिकडं लातूरला शिकवण्यांचं पेव फुटलं. जो तो आपलं लेकरू लातूरला नेऊन ठेवायला लागला, आणि पुढं सगळे फॉर्म कॉम्प्युटरवरच भरायचे असा हुकूम निघाला. झालं! उभं गाव निजामचाचाच्या दारात.

कॉम्प्युटरबद्दल गावात प्रत्येकाचं एक ठाम मत होतं, आणि एकाच्याही मताला कसला म्हणून आधार नव्हता. माधवराव गुरुजी, म्हणजे शाळेचे रिटायर झालेले हेडमास्तर, छातीठोक सांगायचे की इंटरनेट पुण्याला तयार होतं, म्हणून आपल्याकडं पोचेपर्यंत पातळ होतं. भीमा जीप चालवायचा. त्याचं म्हणणं, माऊस जोरात दाबला की अर्ज लवकर मंजूर होतो. कमलम्मा तर मशीनच्या खोलीत पाऊल ठेवलं की आवाज उतरवायची, कारण ते सगळं ऐकतं असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. आता हिचं गावातलं बोलणं असं, की तीन गल्ल्यांना भाजी काय केली ते कळायचं. पण मशीनपुढं मात्र कुजबुज!

एकदा नांदेडहून सर्वेश नावाचा टाय लावलेला पोरगा ओरिजनल सॉफ्टवेअर विकायला आला. तोवर चाचाकडचं सगळं सॉफ्टवेअर लातूरहून कुणाकुणाच्या सीडीतून उतरवून आलेलं. सर्वेश म्हणाला, "ही चोरी आहे." गुरुजी खुर्चीत सावरून बसले. "चोरी झाली तर ज्याचं चोरलं त्याच्याकडं कमी व्हायला पाहिजे. कमी झालं का? न्हाई ना? मग पंचनामा कशाचा करणार?" सर्वेशनं घाम पुसला आणि लायसन वाचून दाखवलं. हे तुमच्या मालकीचं होत नाही. फक्त वापरायचं. विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, दुसऱ्याच्या नावावर करायचं नाही.

कोपऱ्यात मडिवाळप्पा बसला होता. कमलम्माचा नवरा. घरात बोलायची पाळी येत नाही म्हणून बाहेरही न बोलायची सवय लागलेला माणूस. तो म्हणाला, "म्हंजे आमच्या घरासारखं."

अन् काय सांगावं! सगळ्यांच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. भूकंपानंतर जी घरं मिळाली, त्यांच्या कागदावर अगदी हेच लिहिलेलं होतं. राहा, पण विकू नका. जे लायसन पुण्यामुंबईचे लोक न वाचताच पुढं ढकलतात, ते ह्या गावाला पाच मिनिटांत समजलं. सर्वेशला तर गहिवरून आलं. निजामचाचानं तिथल्या तिथं एक सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि त्याच्या चकचकीत स्टिकरला उदबत्ती ओवाळली.

पण लायसन एका मशीनचं, आणि मशीन दोन. चाचा पडला कडक. एक चालू असलं की दुसऱ्यावर रहमतबीची जुनी ओढणी. खिडकीजवळचं हिवाळ्यात वापरायचं, पंख्याखालचं उन्हाळ्यात. दोन्ही एकदम कधीच नाही. बाहेर बारा पोरं रांगेत ताटकळत असली तरी नाही. "कायदा म्हंजे कायदा," म्हणायचा. पोरं कपाळावर हात मारून घ्यायची.

असल्या ह्या सरळ माणसानं एक उद्योग मात्र असा करून ठेवला, की विचारू नका.

प्रत्येक फॉर्मला पासवर्ड लागायचा. लोक म्हणायचे, "तुमीच टाका काहीतरी, चाचा." हा टाकायचा. आठ दिवसांनी ते विसरायचे, हाही विसरायचा, मग डोक्याला ताप. शेवटी त्यानं विचार केला, ह्या गावात कुणीच विसरणार नाही असं काय आहे? आणि दुसऱ्या दिवसापासून जो येईल त्याला तो सांगायला लागला, "तारीख टाकलीया." बस. कुठली तारीख, असं एकानंही विचारलं नाही. शिष्यवृत्ती असो, वीजबिल असो, परीक्षा असो, ईमेल असो, सगळ्या गावाला तीस सप्टेंबर त्र्याण्णव.

रहमतबीनं ऐकलं तेव्हा ती पीठ मळत होती. "अहो, कुलपं घराघराला अन् किल्ली एकच?"

"मग काय झालं? चोर कोण हाय हितं?"

"चोर न्हाईत हो. शहाणे हायत. त्यांचं काय करताल?"

चाचानं तिकडं दुर्लक्ष केलं, आणि तिथंच त्याचं चुकलं.

मडिवाळप्पा आणि कमलम्माची पोरगी शिवगंगा. दोन वर्षं लातूरला एका हॉलमध्ये, पोरींच्या रांगेतल्या एका लोखंडी कॉटवर राहून शिकली. दोन हजार बारा साली बारावी झाली, मार्क चांगले पडले. इतके चांगले, की क्लासवाल्यांनी न विचारता तिचा फोटो, मार्क आणि सीट नंबर किल्लारीच्या चौकात फ्लेक्सवर लावून टाकला. आता कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता. शिवगंगा चाचाकडं आली आणि काही आडपडदा न ठेवता बोलली, "चाचा, मला एकच पाहिजे. नांदेडचं सरकारी कॉलेज, कॉम्प्युटर. ते पहिलं टाकू. ते न्हाई मिळालं तर माझं काय खरं न्हाई." चाचानं तिच्यासमोर नांदेड पहिलं टाकलं.

इकडं कमलम्मानं काय करावं? पोरीला यश यावं म्हणून तिच्या अर्जाचा नंबर गुरवाकडून महादेवाच्या देवळात, नंदीच्या मागच्या भिंतीवर खडूनं लिहून घेतला. ह्या गावात काही मागायचं असलं की देवापुढं लिहून ठेवायची पद्धतच आहे. त्याशिवाय देवाच्या ध्यानात राहत नाही असं म्हणतात. म्हणजे नंबर भिंतीवर, आणि पासवर्ड तर गावाला आधीपासूनच पाठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचानं सहज उघडून बघितलं, तर पहिल्या नंबरला पुणे, सिव्हिल. त्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. परत नांदेड वर आणलं. दुपारी बघतो तर लातूरचं खासगी कॉलेज. पुन्हा नीट केलं. संध्याकाळी उसाच्या इंजिनीयरिंगसारखं काहीतरी वर येऊन बसलेलं. चाचाची झोप उडाली. त्यानं व्हायरसचं औषध मारलं, मशीन बंद करून ओढणी घातली, ओढणी काढून दुसरं चालू केलं, शेवटी नांदेडला सर्वेशला फोन लावला. सर्वेश म्हणाला, "हॅकर असेल. रशियातून करतात असं."

चाचा फोन ठेवून विचार करत बसला. रशियातल्या माणसाला शिवगंगा लातूरलाच शिकावी, रोज जेवायला घरी यावी, असं कशापायी वाटावं?

मग हॅकर सापडला. दुपारची, जोहरची नमाज पढून चाचा आला, तर भीमा मशीनवर बसून माऊस दाणदाण आपटत होता.

"अरे भीमा! काय करायलास तू?"

"लातूर वर घ्यायलोय," भीमा म्हणाला. लाज ना शरम. "सकाळी माझ्या जीपमधी जाईल, सांच्याला येईल. गावनात्यानं माझी पुतणी हाय, मी न्हाई बघायचं तर कोण बघायचं?"

मग एकेक करून सगळे पुढं आले, आणि तेही मोठ्या अभिमानानं. गुरुजी म्हणाले, "पुणे मीच टाकलं. फॉर्म तपासायला उघडला होता, विद्यार्थिनीचं हित दिसलं, करून टाकलं." कारखान्याच्या चिटबॉयनं, म्हणजे शेतोशेत फिरून उसाची नोंद घेणाऱ्या माणसानं, साखरेचं टाकलं होतं, तिथं त्याच्या ओळखी होत्या. कमलम्मा आधी नाही नाही म्हणाली, आणि मग कबूल झाली की एकदा भीमाला तिनंच पाठवलं होतं. ह्या एवढ्या शहाण्यांमध्ये शिवगंगाला विचारावं असं एकाच्याही मनात आलं नव्हतं. काय म्हणावं ह्या लोकांना! पोरीचं भलं करायला निघाले आणि तिलाच तुडवत गेले.

शिवगंगा तोवर येऊन दाराशी उभी राहिली होती, सगळं ऐकत होती. सगळे गेल्यावर ती स्टुलावर बसली आणि रडायला लागली. "चाचा, उद्या शेवटचा दिवस. रात्रीतून कुणी येऊन काय करंल त्याचा नेम न्हाई. माझं काय होणार, हे मी सोडून समदेच ठरवायलेत."

"पासवर्ड बदलू," चाचा म्हणाला. "गावाला माहीत नसलेलं काहीतरी सांग. तुझ्यापुरतं."

बोलायला सोपं हो! म्हशीचं नाव घ्यावं, तर म्हैस भीमाकडूनच घेतलेली. मैत्रिणीचं नाव घ्यावं, तर मैत्रीण गुरुजींची नात. आजोळ सगळ्यांना ठाऊक. सीट नंबर चौकात फ्लेक्सवर टांगलेला. मागच्या महिन्यात तिचं पोट बिघडलं होतं, तर ते कोणत्या वारी बिघडलं आणि काय खाल्ल्यानं बिघडलं हेसुद्धा गावाला मुखपाठ होतं. चाचा डोकं खाजवून दमला. असं एक माणूस अख्खं समोर बसलेलं, आणि त्याच्याजवळ झाकलेलं असं काहीच नाही, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं.

"ती तारीख किती सोपी होती," तो पुटपुटला.

"तुमाला सोपी होती, चाचा. मला ती ध्यानातच राहत न्हाई. परीक्षेच्या फॉर्मला दोनदा चुकली माझी. मी जन्मले नव्हते ना तेव्हा."

चाचाला आधी रागच आला. ह्या गावात राहून ती तारीख विसरायची? ज्या बोटांनी त्यानं ती हजार वेळा टाइप केली होती, ती त्यानं मांडीवर घट्ट दाबली. मग त्यानं पोरीकडं बघितलं आणि त्याला एकाएकी बरं वाटलं. ह्या गावात एका तरी माणसाला ती आठवत नव्हती.

शिवगंगानं डोळे पुसले. "हाय एक. कुणालाच माहीत न्हाई. तुमी तिकडं बघा."

चाचानं मान फिरवली आणि कॅलेंडर बघत बसला. मागं बटनं वाजत राहिली. "लई लांब हाय का गं?"

"हाय थोडं," ती म्हणाली.

नांदेड पहिलं राहिलं, फॉर्म लॉक झाला. पण गावात जो काय गहजब झाला! तारीख टाकली की 'चुकीचा पासवर्ड' यायला लागलं, तेव्हा लोकांना वाटलं आपल्या तोंडावर दार लावलं. कमलम्मानं तर पोरीशी बोलणंच टाकलं. "पोटच्या पोरीनं आईपासून झाकायचं? असं काय केलंय तिनं?" गुरुजी म्हणाले, पासवर्ड गुप्त असावा हे त्यांना मान्य आहे, पण तो निदान जाणत्या माणसांना तरी माहीत असावा. भीमा चाचाच्या गळ्यातच पडला, "तुमी सांगा." चाचा म्हणाला, "मलाबी माहीत न्हाई." ह्यावर गावानं अजिबात विश्वास ठेवला नाही. निजामभाईला माहीत नाही असा पासवर्ड असतो का कुठं?

मग यादी लागायचा दिवस उजाडला. ज्याला सीट लागली त्यानं पाच वाजायच्या आत अर्जात शिरून 'स्वीकारतो' असं दाबायचं, नाहीतर सीट दुसऱ्याला. शिवगंगा सकाळीच फिटनेस सर्टिफिकेट आणायला लातूरला गेली होती. दोनपर्यंत येते म्हणाली होती. तीन वाजले, साडेतीन वाजले. पोरीचा पत्ता नाही. चाचाचा गाळा मात्र गच्च भरलेला. रुसलेली कमलम्मा आली होती, मडिवाळप्पा दाराशी उभा होता, गुरुजींना बसायला खुर्ची दिली होती. पंख्याखालच्या मशीनवर चाचा घामाघूम.

साडेचार झाले आणि फोन वाजला. "हॅलो, मी कंडक्टर बोलायलोय. एसटी बंद पडली हो, लामजन्याच्या अलीकडं. तुमची पोरगी रडायलीय, घ्या."

"चाचा," शिवगंगाचा आवाज तुटत होता. "कुठली गाडीबी थांबंना. माझ्यानं पोचणं होत न्हाई. तुमी उघडा."

"उघडतो बेटा. पण ऐकू येत न्हाई नीट."

"स्पीकर लावा की," भीमा म्हणाला, आणि चाचा काही बोलायच्या आत त्यानं लावलासुद्धा. आता इकडं गाव ऐकत होतं आणि तिकडं एसटीतली माणसं. मधेच एक बाई विचारत होती की पोरगी कुणाची, आणि कंडक्टर म्हणाला, "नांदेड कशाला, पुणं घ्या म्हणावं." गुरुजी खूश झाले.

"चाचा, तुमी एकलेच हाव का?"

निजामचाचानं वर बघितलं. खिडकीतसुद्धा तोंडं होती. त्यानं सगळ्यांना बाहेर व्हायला सांगितलं. एक माणूस हलला नाही. खोटं बोलावं असं क्षणभर त्याच्या मनात आलं. पण ते त्याच्यानं झालं नाही. "न्हाई बेटा. अख्खं गाव हाय."

फोनमध्ये नुसता वारा ऐकू आला. घड्याळ पुढं सरकत होतं.

"असू द्या," ती म्हणाली. "लिहा. समदी बारकी अक्षरं. पी. ए. आर. ए. टी."

"पी, ए, आर, ए, टी," गाव तिच्यामागं म्हणालं. पडद्यावर नुसते ठिपके उमटत होते, पण गुरुजी हवेत बोटानं लिहीत होते. "परत!" ते ओरडले. कोडं सुटल्याचा केवढा आनंद!

"वाय. ई. एन. ए. आर."

"येणार!" चिटबॉय म्हणाला. "परत येणार! परत येणार लिहिलंय!"

गाळ्यात आनंदी आनंद झाला. कमलम्मानं तोंडाला पदर लावला. "ऐकलं का? परत येणार म्हणतीया माझं लेकरू. अन् मी येडी, बोललेबी न्हाई तिच्याशी." भीमानं चाचाच्या पाठीत थाप मारली. रहमतबीसुद्धा आतून बाहेर आली.

"चाचा," फोनमधून आवाज आला. "अजून हाय."

"सांग बेटा."

"एन. ए. एच. आय."

ह्या वेळी तिच्यामागं कुणी म्हटलं नाही. चाचाची बोटं मात्र चालली. अक्षरं उमटली, ठिपके झाले. कमलम्माचा पदर तोंडावर तसाच राहिला.

"लिहिलं का, चाचा?"

"लिहिलं बेटा." त्यानं बटन दाबलं. पडद्यावर आलं: नांदेड, कॉम्प्युटर. गुरुजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण चाचानं कुणाकडंच बघितलं नाही. त्यानं फोन तोंडाजवळ धरला. "नांदेड लागलंय. घेऊ का?"

"घ्या."

त्यानं 'स्वीकारतो' दाबलं. पाच वाजायला अजून वेळ होता. फोन चालूच होता. कमलम्मा खाली बसली. माणसं एकमेकांच्या चपला चुकवत उगीच इकडंतिकडं सरकत होती.

मडिवाळप्पा दारातून आत आला. लोक बाजूला झाले. तो फोनजवळ वाकला. मग तो चाचाकडं वळला.

"निजामभाई, तिला म्हणावं पासवर्ड बदलून घे. हा समद्यांना कळला."